गरम दुधाचा डाग

हावडा, कोलकाता
१० जून २०२५

प्रिय सुनंदाताई,

शकुनचा नमस्कार. भावजींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही दोघं बरे आहोत. उकाड्याने जीव नकोसा झालाय, अजेयची ऑफिसची बस रोज पुलावर अडकते, आंबे मात्र यंदा सुरेख आलेत. झाली खुशाली. आता कामाचं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. परवा मी फोनवर ‘कोड’ एवढा एक शब्द उच्चारला, तर तू "कुकर लावलाय" म्हणून फोन ठेवलास. दुपारी चार वाजता कसला गं कुकर? व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. पत्र तू फाडशील, पण आधी वाचशील. ओळखते मी तुला.

तुझा निरोप मिळाला. बावीस तारखेला तुझ्या मुग्धाच्या सुपारीला मी यायचं नाही. ऋषभच्या घरच्यांना सांगायचं की अजेयला रजा मिळाली नाही. डिसेंबरात लग्नाला आलेच, तर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, हनुवटीवर मेकअप, आणि चर्चचं नाव तोंडातून काढायचं नाही. धन्य आहे बाई तुझी! एका बहिणीचं किती काय काय झाकशील?

हो, ईस्टरला बाप्तिस्मा घेतला मी. तुला तो कुणाच्या तरी फोटोवरून कळला. मी स्वतः सांगायला हवं होतं, तेवढी माझी चूक. पण "डाग बरे करतो म्हणून कुणीतरी गंडवलं असेल हिला," हे जे भावजींना बोललीस ना, ते फार लागलं. आता ऐकच.

इथे माझे ब्लाउज शेफालीदी शिवतात. ख्रिस्ती आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे सहा ब्लाउज टाकायला गेले, तर माप घेताना त्यांनी माझ्या दंडावरच्या डागावर सरळ हात ठेवला आणि विचारलं, "एवढ्या गरमीत एवढी लांब बाही? कुणाच्या भीतीने?" असा संताप आला मला! महिनाभर दुसरी शिवणारी शोधली. मग मुकाट्याने त्यांच्याच दारात.

त्यांच्याबरोबर चर्चला गेले ती डाग जावेत म्हणूनच, खोटं कशाला बोलू? तीन महिने हात जोडून तेच मागितलं. डाग गेले तर नाहीतच, उलट हनुवटीवर नवीन उठला. कडाकडा भांडले मी देवाशी. तर सांगायचं म्हणजे, बरं करून कुणीही मला गंडवलेलं नाही. मी होते तशीच ठिपकेदार आहे.

पण एका रविवारी पाद्रींनी त्या माणसाची गोष्ट वाचली, ज्याच्या कातडीचा रोग बघून लोक लांब पळायचे. येशूने त्याला हात लावला आणि तो बरा झाला. बंगाली मला निम्मंच कळतं. बाकीचे सगळे तो बरा झाला म्हणून खूश होते, मी मात्र आधीच्या त्या हातापाशीच अडकले. बरा व्हायच्या आधी हात लावला गं, डाग असतानाच! मी घरी येईपर्यंत रडत होते.

त्याच आठवड्यात अजेय घरून काम करत होता. मी स्वयंपाकघरात, आणि हा बाहेर फोनवर त्याच्या हाताखालच्या ओंकारवर ओरडतोय, "कोड आधीच दाखवायला काय झालं होतं? लपवून काय मिळवलंत? मी काय नाही म्हटलं असतं?" कॉम्प्युटरचं चाललं होतं त्यांचं. माझ्या हातातून पळी पडली.

बारा वर्षांपूर्वी अजेय बघायला आला, तेव्हा तू मला काय पढवलं होतंस आठवतं? लहानपणी गरम दूध सांडलं, त्याचा डाग आहे. आई नव्हती, सगळं तुझ्या एकटीवर होतं, घाबरली होतीस. कळतं मला. पण खोटं बोलले मीच. ते मी देवापुढे गुडघे टेकून कबूल केलं आणि मग अजेयपुढे. तो म्हणाला, "मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. दुधाचा डाग वाढतो का कधी?" तेवढं बोलून चहा मागितलान.

ताई, इतकी वर्षं मला वाटायचं, लाज डागाची आहे. ती त्या खोट्याची होती. क्षमा मिळते म्हणतात, ती मला खरोखर मिळाली. आता मी अर्ध्या बाह्यांत लाँचने गंगा पार करते. लोक बघतात. बघू देत.

तू येशूला मान, असं मी म्हणतच नाहीये. अजेय अजूनही रोज गणपतीला फुलं वाहतो, आमचं काही अडत नाही.

हे पत्र वेगळ्याच कारणासाठी आहे. मुग्धाचा फोन आला होता. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पाठीवर डाग उठला, तो डॉक्टरांना दाखवलास, ते कोडच म्हणाले, आणि तू तिला सांगितलंस, "कुणी विचारलं तर गरम पाण्याची पिशवी फुटली म्हण." अगं काय हे! मला दूध, लेकीला पिशवी! बारा वर्षांत एवढीच का तुझी प्रगती?

मुग्धा मला म्हणाली, "मावशी, मला तुझं चर्च नको आणि तुझा देवही नको. सुपारीच्या आधी मी ऋषभला आणि त्याच्या आई-बाबांना सगळं सांगणार आहे. मोडलं तर मोडलं. फक्त सांगताना आई माझ्या शेजारी हवी." हे तिला तुझ्याशी बोलवत नाही. सव्वीस वर्षांची पोर स्वतःच्या आईला घाबरते, ताई!

मी येत नाही जा. रजा नाही म्हणून सांग, चर्चमध्ये वाया गेली म्हणून सांग, माझ्याबद्दल वाटेल ते सांग. पण ती त्यांना सांगेल त्या दिवशी स्वयंपाकघरात लपू नकोस. बाहेर येऊन तिच्या शेजारी बस. तिला फक्त तू हवी आहेस.

तुझ्यावर भयंकर रागावलेली, आणि तरी तुझीच,
शकुन