एक ते पन्नास हजार

सोलापूर, गुरुवार

आदरणीय धोंडिराम मामा यांना,
भाची बुद्धप्रिया हिचा सविनय जय भीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (आई सोडून, ती ठीक असली तरी कबूल करत नाही). तुमचा गुडघा काय म्हणतो? मीनामामींची साखर आटोक्यात आहे ना? केळींना पाणी पुरतंय ना, आणि मोटर नीट चालते ना? मोटरचं मी आपलं सहज विचारलं. फोनच करणार होते, पण तुम्ही फोन कानाला न लावता कपाळासमोर धरता आणि ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देता. म्हणून हे पत्र. शेजारची अपेक्षा उद्या सकाळच्या गाडीने जेऊरला माहेरी निघाली आहे, तिच्या हाती देते.

मागे तुम्ही चारचौघांत विचारलंत, आमची पियू नेमकं करते काय? तेव्हा मी ‘कॉम्प्युटर’ म्हणून विषय मिटवला होता. आज नीट सांगते, नाहीतर माझं दुःख तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. आमचं ऑफिस (अक्कलकोट रोडला, वर आम्ही सात माणसं, खाली टेम्पोचं गॅरेज) टॉवेलच्या मागांना लावायची पेटी बनवतं. आडवा धागा तुटला की पेटीने माग तिथल्या तिथे थांबवायचा, एवढंच काम. पेटीत एक प्रोसेसर, आणि त्याच्यावर परदेशातून विकत घेतलेली रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. रिअल-टाइम म्हणजे भरभर नव्हे हं, असा आमच्या राजशेखर साहेबांचाही गैरसमज आहे. रिअल-टाइम म्हणजे ठरल्या वेळी. तुम्ही रेल्वेत पॉइंट्समन होतात, तुम्हाला काय सांगायचं? सांधा गाडीच्या आधी बदलला तर नोकरी, गाडी गेल्यावर बदलला तर चौकशी. उशिरा आलेलं बरोबर उत्तर चूकच धरायचं, हा या सिस्टिमचा नियम. आपल्या घराण्यात तो तुम्ही एकट्यानेच पाळलात. आईने साडेदहाचा सांगितलेला माझा साखरपुडा अडीचला लागला आणि पाहुण्यांनी तोवर पोह्यांचे तीन घाणे संपवले, हे तुम्ही अजून ऐकवता.

तर झालं असं, की आमच्या पेटीतला प्रोसेसर कंपनीने बनवायचंच बंद केलं. आता दुसरा घ्या आणि सगळी सिस्टिम त्याच्यावर हलवा. याला आमच्यात पोर्टिंग म्हणतात. विकणारा माणूस टाय लावून सांगून गेला होता, आमची सिस्टिम कुठल्याही प्रोसेसरवर चालते, नुसती उचलायची आणि ठेवायची. तुमची कुर्डुवाडीहून दौंडला बदली झाली तेव्हा रेल्वेनेही असंच सांगितलं होतं, क्वार्टर अगदी सारखं आहे म्हणून. मग मामींचं कपाट दारातून आत जाईना आणि नळ उलट्या बाजूला फिरायचा. मीही साहेबांना दोन आठवडे सांगून बसले होते. चौथा महिना लागला आहे, आणि ‘आठवडा’ हा शब्द मी ऑफिसात उच्चारत नाही.

शेवटी सिस्टिम नव्या घरी नांदायला लागली, सगळे दिवे हिरवे झाले, साहेबांनी पेढे आणले. मंगळवारी आम्ही पेटी घेऊन वीरभद्रप्पांच्या कारखान्यात गेलो. हे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या नव्या सोळा मागांवर आमच्या पेट्या बसायच्या आहेत. माग सुरू केला. खट्‌, बंद. धागा तुटला, म्हणे. बघतो तर धागा धडधाकट. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तासाभरात चार बोटं टॉवेल विणून झाला, त्याने फार तर मिशी पुसता आली असती. (साहेबांनी तशीही मिशी पुसलीच, घामाने.) वीरभद्रप्पा दोन पावलं पुढे आले, ‘एन री इदु?’ म्हणाले, म्हणजे हे काय हो, आणि सोमवारी दुपारपर्यंत पेटी चालली नाही तर इचलकरंजीवाल्यांच्या पेट्या मागवतो, असं शुद्ध मराठीत सांगून जेवायला गेले.

आम्ही पेटीभोवती सुतकात बसल्यासारखे बसलो. मी वायरी बदलल्या, सेन्सर बदलला, साहेबांनी उदबत्ती लावली. तिथे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या केराबाई मघापासून बघत होत्या. त्या मशीनवरून न उठताच म्हणाल्या, “बाई, तुमची पेटी लई घाई करतिया की. धागा हितनं निघाला बी न्हाय, तवर मेला म्हनतिया.”

मामा, माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं एका बाजूला आणि ही बाई एका बाजूला. ऑफिसात येऊन प्रोग्राम उघडला, तर खरोखर तेच. धागा या टोकाचा त्या टोकाला जाईपर्यंत पेटीने थांबायला हवं. त्यासाठी सिस्टिममध्ये चांगलं घड्याळ आहे, ‘इतक्या वेळाने उठव’ म्हटलं की उठवतं. आणि आमच्या कुणा दिवट्याने घड्याळाला हातही न लावता प्रोसेसरला एक ते पन्नास हजार मोजायला बसवलं होतं, लपाछपीत राज्य असलेल्या पोराला बसवतात तसं! जुना प्रोसेसर बिचारा सावकाश मोजायचा, तोवर धागा पोचायचा. नवा इतका चपळ, की गडी लपायच्या आत याचं मोजून झालेलं असतं.

हा दिवटा म्हणजे दिपक. मागाचा प्रोग्राम दोन वर्षं त्याच्याकडे आहे, कीबोर्डात शेंगा चटणी सांडतो, आणि विचारलं तर खाली बघत ‘मॅडम, मी नाही’ एवढंच पुटपुटतो. मी काय सोडते? सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने केली. साहेबांनी सोमवारी सकाळी दहाला त्याला केबिनमध्ये बोलावलं आहे. नोकरी जाणार हे नक्की. अशा माणसाला दया दाखवली तर आपला धंदा कसा चालायचा, तुम्हीच सांगा.

मामींना आणि केळींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची,
पियू

ता. क. सांगायचं राहिलंच. पन्नास हजार मोजायला जुन्या प्रोसेसरला नेमका किती वेळ लागायचा, हे कुणीच लिहून ठेवलेलं नाही. ऑफिसातले जुने बोर्ड मी दिवाळीच्या साफसफाईत भंगारात दिले (साहेबांना वाटतं, कपाटात आहेत). वीरभद्रप्पा आता जुन्या मागांनाही आम्हाला हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं ऐकून बाकीची गिऱ्हाइकंही. उरली एकच पेटी, सात वर्षांपूर्वी तुमच्या विहिरीची मोटर आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून मी बसवलेली, जिला हार घालून तुम्ही फोटो काढून घेतला होतात ती. तेवढी काढून द्या. चार दिवस मोटर हाताने चालू करावी लागेल. गुडघ्याचं मी वर विचारलं ते यासाठीच.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर, दिपकची पुरती जिरवावी म्हणून ती ओळ कुणी कधी लिहिली ते उघडून पाहिलं. सात वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा दिपक कॉलेजात होता. ओळीशेजारी टीप आहे: ‘विहिरीतून पाणी वर येईपर्यंत थांब. मामांना फोटोची घाई, तात्पुरतं मोजून घेते, नंतर घड्याळ लावेन. बु.’ तुमच्या मोटरचाच प्रोग्राम मी पुढे, आकडा तेवढा बदलून, मागांना चिकटवला होता. म्हणजे मूळ दोष तुमच्या फोटोचा. निदान असं अर्धा तास तरी मी स्वतःला पटवून पाहिलं.

ता. क. तिसरा. पेटी कुणाच्या हाती पाठवू नका, स्वतः घेऊन या. दिपकला अजून काही सांगितलेलं नाही. तीनदा त्याच्या टेबलापर्यंत गेले आणि स्टेपलर मागून परत आले. लाज वाटते, मामा. लहानपणापासून तुमच्यासमोर मला खोटं बोलता आलेलं नाही. बोलेन मीच, तुम्ही नुसते केबिनमध्ये माझ्या शेजारी उभे राहा. सोमवारी, दहाच्या आत. वेळ आईला विचारून निघू नका.