पायपेटीचं देवघर

बाबा, तुमच्या पायपेटीचं मी देवघर करून घेतलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला रागवायला भरपूर वेळ मिळेल. आईचे गुडघे गेलेत. खाली पाटावर बसता येत नाही आणि पूजा झाल्याशिवाय ती चहासुद्धा घेत नाही. खुर्चीवर बसून हात पोचेल एवढ्या उंचीचं घरात दुसरं होतं काय? पेटी तुम्ही गेल्यापासून बैठकीत झाकलेलीच होती. भाता उंदरांनी खाल्लेला. इंदूरला नेली तर दुरुस्त होईल असं लोक सांगत राहिले आणि मी नेऊ नेऊ म्हणत राहिले.

फ्रीगंजमधला सुतार घरीच आला. झाकण उघडून म्हणाला, "दीदी, असली सागौन है. ऐसा माल अब कहाँ मिलता है." मग पाय मारायच्या फळ्यांकडे बघून थबकला. "इनको निकाल दूँ? भगवान के नीचे पाँव की चीज़ अच्छी नहीं लगती." मी म्हटलं, निकाल दो. फळ्या, भाता, पट्ट्या, आतले पितळी सूर, सगळं पोत्यात भरून तो घेऊन गेला. पट्ट्यांच्या जागी आता एक गुळगुळीत फळी आहे आणि तिच्यामागे आपले देव.

आईला मी विचारलं होतं. "करून टाक, परेशानी कशाला," एवढंच म्हणाली. तुमच्या वस्तूंबद्दल बोलायची तिला सवय कुठं होती? मी शाळेत होते तेव्हाची एक संध्याकाळ आठवते. आई स्टुलावर बसून पट्ट्या पुसतेय, पाय कधी खालच्या फळीवर पडतो कुणास ठाऊक, पेटी एकदम वाजते. माधव नगरातल्या तुमच्या गाण्याच्या शिकवणीच्या मुली येऊन बसलेल्या. तुम्ही त्यांच्यादेखत म्हणता, "अगं, ते पातेलं नव्हे." मुली हसतात, आईही हसते. त्यानंतर ती झाकण लावूनच पुसायची. तुम्ही वाईट नव्हता, बाबा. मला तर मांडीवर घेऊन शिकवलंत. पण या एका गोष्टीचा मला अजून राग येतो.

काल आई पहिल्यांदा त्या देवघरासमोर बसली. पूजा झाली, आरती झाली, तरी उठेचना. फळीवरून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "ह्यांनी कधी सांगितलं नाही. माझा सा कुठं आला असता गं?"

नवी मुलगी आली की तुम्ही तिला 'आ' म्हणायला लावायचात आणि तिचा सा कुठल्या पट्टीवर बसतो ते सांगायचात, काळी दोन, पांढरी पाच असं. स्वयंपाकघरातून आईनं किती जणींचं ऐकलं असेल. स्वतःचं विचारलं ते आत्ता, पेटीचे सूर पोत्यातून गेल्यावर. मी म्हटलं, "म्हण ना, आ म्हण." आणि ती खरंच गायली, बाबा. आवाज थरथरत होता, पण गोड होता. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्या दोघांना ते माहीत नव्हतं. मी फळीवर एका जागी बोट ठेवून म्हटलं, "इथं. काळी चार." तिचा चेहरा उजळला. आज सकाळी कामवालीलाही सांगत होती, "मेरा काली चार है."

हे पत्र कुठं पाठवणार? लिहिलं, कारण तिला सांगता येणार नाही. मी अंदाजानं सांगितलं, बाबा. पेटीशिवाय मला कुणाचा सा ओळखता येत नाही.