पहिल्या पानावरची लॉरेट

मॉन्ट्रियल,
७ एप्रिल २००८

ती. लॉरेटताईस,
धाकट्या ओरेलचा शि. सा. न. वि. वि.

टक-टका-टक, टक-टका-टक. आज सकाळी खालच्या बिऱ्हाडात कुणीतरी लाकडी जमिनीवर खिळे ठोकत होतं. मी हातात कॉफी धरली होती ती तशीच राहिली आणि मी थेट सेंत-आर्मेलच्या आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पोहोचलो. चुलीवर वाटाण्याचं सूप, बाबांच्या ओठांना माउथऑर्गन, आणि आईचे नाल ठोकलेले बूट घालून फळ्यांवर जिग नाचणारी तू. कमरेच्या वर चर्चमधल्या पुतळ्यासारखी स्तब्ध, आणि गुडघ्यांखाली वादळ! तू सतरा वर्षांची, मी अकरा. आई जाऊन पाच वर्षं झाली होती, पण ते बूट वाजायला लागले की मला वाटायचं, ती मागच्या खोलीतच आहे. भानावर आलो तेव्हा कॉफी गार झाली होती.

तुला टेलिफोनवर ऐकू येत नाही म्हणून हे पत्र, एरवी बातमी तिखटमीठ लावून सांगितली असती. मला काम मिळालं आहे. आमच्या चौकातल्या नृत्यगृहाला येत्या हंगामाच्या पुस्तिकेची भाषा तपासायला एक निवृत्त मास्तर हवा होता. पगार नाही, पण प्रत्येक प्रयोगाचे दोन पास. पस्तीस वर्षं पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, तेव्हा नाच म्हणजे पायांची कविता, असं मनात म्हणत गेलो. ताई, त्या मजकुरात मला दोन दिवसांत एक क्रियापद सापडलं, तेही कुणीतरी चुकून ठेवलेलं.

नमुना सांगतो. एका प्रयोगात चौघे नर्तक पन्नास मिनिटं 'पडण्याच्या शक्यतेची चौकशी' करतात. मी संचालक बेनुआला विचारलं, की शेवटी पडतात का? तो माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसं बघून म्हणाला, की गोद्रो महाशय, तोच तर प्रश्न आहे. दुसऱ्या प्रयोगात एक गृहस्थ अंगावर सूतही न ठेवता तीन पोती बटाटे रंगमंचाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेतो. तिसऱ्यात नाचच नाही, 'हालचालीला दिलेला नकार' आहे. त्याला मध्यंतरही आहे.

अडचण एकच. हंगामाचा पहिला प्रयोग मारी-ओद नावाच्या मुलीचा. तिचा मजकूरच आलेला नाही. ती ब्रसेल्सला कसल्याशा शिबिरात गेली आहे आणि नाच अजून बसवलेलाच नाही. बेनुआ म्हणतो, यात नवल काय, आमच्याकडे आधी पुस्तिका छापतात आणि मग नाच बसवतात, नाहीतर अनुदान कशाच्या जोरावर मागायचं? छापखाना दोन आठवडे थांबेल म्हणे.

गुडघा कसा आहे? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ओरेल


सेंत-आर्मेल,
१९ एप्रिल

चि. ओरेल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा हवामान खात्यापेक्षा बरा, बर्फ पडायच्या आदल्या दिवशी सांगतो. काल सांगितलं, आज पडलं. एप्रिल आहे याची नदीला अजून खबर नाही.

तुझ्या त्या बटाटेवाल्याबद्दल वाचून शेजारणीला ठसका लागला. बाबांनी चाळीस वर्षं बटाट्याची पोती या टोकाकडून त्या टोकाला नेली, तीही पूर्ण कपड्यांत आणि पाठीला पट्टा बांधून, पण तिकीट काढून बघायला कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. आणि हालचालीला नकार बघायचा असेल तर आमच्या नगरपालिकेत या, फुकट आहे.

त्या मुलीच्या पानाचं इतकं काय घेऊन बसलास? काहीतरी खरडून दे. वाचतंय कोण! फक्त लिहिताना तंद्री लावू नकोस. कोंबड्यांना दाणे टाकायला पाठवलं तर कविता म्हणत म्हणत सगळे दाणे विहिरीत टाकून आलेला मुलगा तू, हे मी विसरलेली नाही.

थंडीत कानटोपी घालत जा. आठवण ठेवतोस तेवढी पुरे आहे, कमी करू नकोस.

लॉरेट


मॉन्ट्रियल,
३० मे

ती. लॉरेटताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोबत पुस्तिका पाठवतो आहे. आधी खुर्चीवर बस, मग पहिलं पान उघड. चष्मा लावलास तरी चालेल, पण हाताशी काही जड वस्तू ठेवू नकोस.

तूच म्हणालीस, खरडून दे. मी खरडायला बसलो आणि लेखणी आपली आपण चालायला लागली. १९५१ चा मार्च, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, त्यात नाचगाण्याला बंदी. स्वयंपाकघराच्या फळ्यांवर आईचे बूट घालून नाचणारी एक मुलगी. कुणीतरी जाऊन सांगतं. तरुण फादर दारात उभे राहतात, मुलगी बूट काढून त्यांच्या हातात देते. त्यानंतर त्या घरात पुन्हा पाय वाजत नाही. एवढंच. एकाही वाक्याला क्रियापदाची उणीव पडू दिली नाही.

तर खाली एक चौकट होती, 'सहभाग'. ती रिकामी दिसेना म्हणून, नंतर खोडू असं ठरवून, मी लिहिलं: लॉरेट गोद्रो, वय चौऱ्याहत्तर, सेंत-आर्मेल. मग खिडकीत एक चिमणी आली. पुढचं तुला माहीतच आहे, दाणे विहिरीत.

ताई, अठरा हजार प्रती वाटून झाल्या आहेत. हंगाम तुझ्यापासून सुरू होतो, पंचवीस सप्टेंबरला, आणि तिन्ही दिवसांची तिकिटं संपली. मारी-ओद परतली, पान वाचून माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली आणि म्हणाली, की दोन वर्षं ती हेच शोधत होती, फक्त ते काय आहे हे तिला माहीत नव्हतं. आता तिला तू हवी आहेस. दुसरी कुणी नको.

रागव, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझा अपराधी,
ओरेल


सेंत-आर्मेल,
९ जून

ओरेल,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवले आहेत.

औषधवाल्याने ते पान काचेला चिकटवलं आहे, खोकल्याच्या औषधाच्या शेजारी. पोस्टातली पोरगी विचारते, की मादाम बेरुबे, तुम्ही कपड्यांत नाचणार ना? माझं लग्न होऊन बावन्न वर्षं झाली, नवरा जाऊन नऊ, आणि माझा भाऊ मला माहेरच्या नावाने शहरभर वाटत सुटला आहे. वयही खरं छापलंस! निदान सत्तरीवर थांबायचं होतंस.

मी येणार नाही. मी माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा नाचले नाही, हे तुला ठाऊक आहे. तुझ्या बेनुआला सांग, की हालचालीला नकार माझ्याकडूनही आहे, आणि त्याला मध्यंतर नाही.

आणि एक. 'कुणीतरी जाऊन सांगतं' असं लिहिलं आहेस. तुझ्यासारख्या व्याकरणवाल्या मास्तराने कर्ता असा मोघम ठेवावा?

लॉरेट


मॉन्ट्रियल,
२ जुलै

ती. लॉरेटताईस,
सा. न. वि. वि.

काल एक जुलै, सगळे भाडेकरार संपायचा दिवस, तेव्हा नेहमीप्रमाणे इथे अख्ख्या शहराने बिऱ्हाडं बदलली. जिन्याजिन्यांतून फ्रीज आणि पलंग लोंबत होते. मी खिडकीत बसून बघत राहिलो आणि तुझा तो शेवटचा प्रश्न उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत राहिलो. आता खाली ठेवतो.

मी सांगितलं, ताई. शनिवारी फादर ओनेझिमपुढे पापांची कबुली द्यायला गेलो होतो आणि माझ्याकडे त्या आठवड्यात एकही पाप नव्हतं. गुडघे टेकल्यावर रिकाम्या हाताने कसं उठायचं? म्हणून मी तुझं दिलं. वाटलं होतं, ते मला दोनदा प्रार्थना म्हणायला सांगतील आणि विषय संपेल. दुसऱ्या दिवशी ते दारात.

पस्तीस वर्षं मी पोरांना कर्ता ओळखायला शिकवलं आणि सत्तावन्न वर्षं माझा लपवला. आजवर क्षमा मागायचं धाडस झालं नाही. आता मागतो.

प्रयोगाचं म्हणशील तर मारी-ओदने तुझा नकार समजून घेतला आहे. फार समजून घेतला आहे. ती म्हणते, तू आली नाहीस तर रंगमंचावर जुन्या फळ्या अंथरून वर एक दिवा लावायचा आणि पन्नास मिनिटं लोकांनी त्या रिकाम्या फळ्यांकडे बघत बसायचं. बेनुआ तर हरखून गेला. त्याच्या मते हे जास्त धारदार आहे, शिवाय कुणाच्या राहण्याजेवणाची सोय करावी लागत नाही. समीक्षक डोक्यावर घेतील म्हणाला.

घेतील, ताई. पण मला ते मौन ठाऊक आहे. मी त्या घरात त्यानंतर सात वर्षं राहिलो आहे. तिकीट काढून तेच पुन्हा बघायचं? मला मरण्याआधी एकदा ते बूट ऐकायचे होते, एवढंच. तंद्रीत लिहिलं म्हणालो, पण खरं सांगायचं तर ती चिमणी बिचारी आलीच नव्हती.

दोन ओळी तरी लिही. तेवढ्यावर भागवीन.

ओरेल


सेंत-आर्मेल,
२० जुलै

चि. ओरेल यास,
राखून ठेवलेले आणि आजचे, दोन्ही आशीर्वाद.

अरे वेड्या, मला ते त्याच रविवारी कळलं होतं. बर्फावर ओतलेला मेपलचा पाक, तुझा जीव की प्राण, तो तू तीन दिवस खाल्ला नाहीस. तुझा वाटा माझ्या उशीखाली आणून ठेवत होतास. उशीचा अभ्रा मला तीनदा धुवावा लागला आणि केसांतली साखर आठवडाभर निघत नव्हती. तो राग मात्र अजून आहे.

तू लहान होतास. तुझ्यावर मी कधीच रुसले नाही. मी रुसले ते फादरांवर, आणि त्याहून जास्त माझ्यावर. बाबा म्हणाले होते, ईस्टर झाला की जा, चार शब्द नरमाईने बोल आणि बूट घेऊन ये. मी म्हटलं, माझ्या आईचे बूट मी मागायला जायचं? ज्यांनी नेले त्यांनी आणून द्यावेत. ईस्टर झाला, उन्हाळा आला, आणि फादरांची बदली झाली. जाताना शेगडीत घातले असणार, दुसरं काय.

दुसऱ्या बुटांत मी दोनदा करून बघितलं. पाय पडतात, आवाज पडत नाही. म्हणून सोडून दिलं. लोकांना वाटलं, लॉरेटला भक्तीचं वेड लागलं.

तेव्हा असं कर, मास्तरा. तुझ्या त्या रडक्या मुलीला सांग, की लॉरेट नाचेल. गुडघ्याचं मी बघते, सकाळी स्वयंपाकघरात टेबल सरकवून बघितलं, दोन मिनिटं निभतं. पण आईच्याच बुटांत, दुसऱ्या कशात नाही. जा, आण शोधून. आणलेस की त्याच दिवशीच्या बसने निघते.

आता तरी नीट जेवत जा. आणि रुसवा संपला असं धरून चाल.

तुझी ताई,
लॉरेट


मॉन्ट्रियल,
४ सप्टेंबर

ती. लॉरेटताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. उत्तर लिहिलं नाही, कारण अट वाचून आधी हसलो आणि मग मला हसू येईना. मी खरंच शोधत होतो. जुन्या बाजारात गेलो, दोन संग्रहालयांना पत्रं टाकली. एका दुकानदाराने तसले बूट दाखवले, नालासकट. त्याच्या काउंटरवर वाजवून पाहिले. आवाज दुसऱ्याच कुणाच्या आईचा होता.

आज संध्याकाळी मी नृत्यगृहात जाऊन हो म्हणणार आहे, फळ्यांना. त्या येऊनही पडल्या आहेत. कुठल्याशा पाडलेल्या गोठ्यातून आणल्या म्हणे, आणि मारी-ओद रोज त्यांच्याजवळ बसून 'त्यांचं ऐकते'. बेनुआने पुस्तिकेत चिकटवायला एक चिठ्ठी छापून घेतली आहे. 'सहभाग' या चौकटीत आता तुझ्या नावाऐवजी येणार: अनुपस्थिती. तिचं वय छापलेलं नाही, तेवढं तुला बरं वाटेल.

पहिल्या रांगेतली एक जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. रिकामीच राहू दे. त्या प्रयोगात ती कुणाला वेगळी दिसायची नाही.

सकाळी नृत्यगृहातल्या तिकीट खिडकीवरच्या मुलीचा फोन आला होता. पुस्तिका वाचून कुणा म्हाताऱ्या गृहस्थाने मजकूर लिहिणाऱ्याचा पत्ता मागितला, तो तिने देऊन टाकला म्हणे. कुणीतरी क्रियापदांचा चाहता असेल, किंवा छपाईतली चूक सापडलेला जुना मास्तर. बहुतेक तोच आत्ता आला आहे. बाहेरच्या लोखंडी जिन्यावर कुणीतरी चढतं आहे. एक पायरी, मग दम, मग पुढची पायरी.

ताई, दर पायरीला लोखंडावर लोखंड वाजतं आहे.

थांब, बघून येतो.

हे उभ्यानेच लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. दार उघडं आहे आणि दारात फादर ओनेझिम उभे आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोक्यावर एक केस नाही, आणि आपल्याच नदीकाठी, इथून तीन तास उत्तरेला असलेल्या वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमातून एकटे बस धरून आले आहेत. आत या म्हणायचं मी विसरलो आणि तेही हलत नाहीत. छातीशी एक तपकिरी पिशवी धरली आहे, दर पायरीवर टेकवत आणलेली, तिचा तळ फाटला आहे आणि त्यातून दोन टाचा बाहेर आल्या आहेत. चामड्याला नुकतंच तेल लावलं आहे. नाल गंजलेले नाहीत.

सात गावांत बदली झाली, सातही ठिकाणी बरोबर नेले, असं म्हणाले.  आणि मग म्हणाले, की मी ते चाळीसच दिवसांसाठी घेतले होते, ईस्टरला वाट बघितली, पण ती मागायला आलीच नाही.