एनारने पाडलेलं भोक

पीस नदीकाठ, ८ नोव्हेंबर १९९६

ती. सॉल्वेग वन्संना,
थोराचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेले लोकरीचे मोजे पोचले. उद्या एनारला जाऊन सात आठवडे होतील. मोजे त्याच्याच मापाचे आहेत. हात सवयीने विणत गेले असणार. मीच घालते आहे.

आपलं ठरलेलं लक्षात आहे. नाताळला घरात पाणी येत असेल तर मी इथेच राहीन. नसेल तर घर विकून तुमच्याकडे एडमंटनला. या खांद्याने नदीचा बर्फ फोडून बादल्या वाहणं आता होणार नाही, हे मलाही कळतं.

पण विहिरीत पंप आणि पाइप बसवायचं शेवटचं काम तुमच्या भावाने घाईत उरकलं बरं का. पंप चालू केला की विहिरीत फवारा उडतो. शेजारची इर्मा दोर धरून उभी राहिली, मी शिडीने उतरले. दीड पुरुष खोलीवर पाइपाला भोक! पंपाची पुस्तिका तीनदा वाचली, त्यात असल्या भोकाचा उल्लेख नाही. रबर गुंडाळून पट्टी आवळली. वर येता येता त्याला म्हटलं, "आळशी कुठला, एवढं तरी नीट करून जायचंस."

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची थोरा

१० डिसेंबर

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

दोनच ओळी लिहिते. शुक्रवारी उणे पस्तीस होतं. घराच्या जमिनीच्या फळ्यांखाली पाइप गोठला. तुमचंच खरं झालं. इर्माच्या पुतण्याला घर हवं आहे, नाताळनंतर कागद करू म्हणतो. माझ्यासोबत पुस्तकांचे दोन खोके येतील, बाकी काही नाही.

थोरा

एडमंटन, १६ डिसेंबर

चि. थोरास अ. उ. आ.

सही करू नकोस. आधी विहिरीत उतरून ते रबर काढ. भोक त्याने मुद्दाम पाडलं आहे. पंप थांबला की पाइपातलं पाणी त्यातून विहिरीत परत पडतं. पाइप रिकामा राहिला तर गोठणार काय?

आमच्या बाबांनीही असंच भोक पाडलं होतं. नऊ वर्षांच्या एनारला वाटलं, बाबा चुकले. त्याने स्प्रूसच्या झाडाचा डिंक चघळून त्यात कोंबला. आईने सगळा हिवाळा बर्फ वितळवून स्वयंपाक केला. वसंतात बाबांना डिंक सापडला, वर याच्या दातांचे ठसे. बाबा नुसते हसले; हा मात्र आठवडाभर जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसला. तुला सांगणार नाही अशी शपथ त्याने मला तुमच्या लग्नात घातली होती.

खरं सांगते, तुझ्यासाठीच्या खोलीला पडदे लावून झाले होते. हे पत्र टाकूच नये असंही एकदा मनात आलं. घरात मीही एकटीच असते.

खांद्याला जप.
सॉल्वेग

२९ डिसेंबर

ती. वन्संना, शि. सा. न. वि. वि.

रबर काढलं. फळ्यांखाली सरपटत जाऊन तीन दिवस पाइपाला गरम चिंध्या गुंडाळल्या. नाताळच्या आदल्या दुपारी पाणी आलं. पुतण्याला नाही म्हणून कळवलं. पडदे काढू नका. मार्चमध्ये येते, महिनाभर राहीन.

पंप बंद केला की पाणी परत जाताना फळ्यांखाली आवाज होतो. तो संपेपर्यंत मी भांड्यांना हात लावत नाही.

बत्तीस वर्षांत त्याने माझ्यापासून एवढंच लपवलं. सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते, आणि ते रबरही लावलं नसतं. माझं त्याला हसायचं मात्र राहून गेलं.

तुमची,
थोरा