करपलेली पॅप्रिका

ती. आईस वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

इथे हॉटेलात पॅप्रिका वापरतात. आपल्या मिरचीचीच मवाळ बहीण. दोघी एकाच दूरच्या मुलखातून जहाजाने निघाल्या. एक आपल्याकडे उतरली, एक इकडे. हिने रश्शाला रंग येतो, ठसका लागत नाही.

मी शहाणा! फोडणीत टाकावी तशी कडकडीत तेलात टाकली. करपली, आणि पातेलंभर रस्सा कडूजहर झाला. मोठे आचारी ओरडले, "कुणी शिकवलं?" तोंडातून निघून गेलं, "आईने."

ते म्हणाले, "आधी पातेलं खाली उतरवायचं."

तेव्हा आठवलं, तूही तिखट घालताना कढई उतरवतेस. मी स्वयंपाकघरात यायचो ते फक्त "झालं का?" विचारायला. नाव मात्र तुझं घेतलं.

बाबांना हे वाचून दाखवू नकोस.

तुझा खजील,
धाकटा