माहेरच्या नावाचा पत्ता

आई, दुपारची भांडी आवरली की मी कधीकधी सांगलीच्या या घरात जेवणाच्या टेबलावर पत्र लिहायला बसते. कामाचं काही नसतं, मैत्रिणींना लिहिते. एक माझ्या अवघड दिवसांत नुसती शेजारी येऊन बसली होती म्हणून, दुसरीनं माझ्या लेकीच्या लग्नात सगळ्यांच्या चपला सांभाळल्या होत्या म्हणून. फोन हाताशीच असतो. पण तोंडावर कौतुक करायला गेलं की आम्ही बायका "चल, काहीतरीच तुझं" म्हणतो आणि विषय भाजीवर नेतो. कागदावर लिहिलेलं असं मधेच तोडता येत नाही. ते शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी पाचगणीच्या कॉन्व्हेंट शाळेतून घरी आले की तू मला चुलीजवळ बसवून पत्र लिहायला लावायचीस. बाबा पलटणीत, घरात लिहिता येणारी मी एकटी, आणि माण तालुक्यात दिलेली तुझी बालमैत्रीण. तू भाकरी थापतेस, मी पाटावर निळं इनलँड पसरून बसलेय. "लिव, तू धाडलेली मटकी लय झ्याक हुती. लिव, मला ताप आला हुता तवा माझ्या वाटनीचं पानी तू भरलंस, त्ये मी इसरले न्हाई." मी विचारते, "आई, त्याला किती वर्षं झाली?" तू म्हणतेस, "झाली आसतील. तू लिव की."

मग पत्त्याची पाळी यायची आणि आपलं भांडण व्हायचं. पत्त्यात 'मिसेस' लिहून पुढे नवऱ्याचं नाव घालायचं, असं मला शाळेत शिकवलेलं. तू मात्र तिचं माहेरचं नाव सांगायचीस, लग्नाआधीचं, आडनावासकट. "अगं, सासरी तिचं नाव बदललंय. या नावानं तिथं तिला कोण ओळखणार? पत्र परत येईल." तू भाकरी उलटतेस, माझ्याकडे बघतही नाहीस. "यिऊ दे की. चार घरी इचारल्याबिगर का परत यील? चार घरी तिचं नाव तरी घेतलं जाईल." मी गाल फुगवून तेच नाव लिहायची.

पत्र कधीच परत आलं नाही. पुढे साताऱ्यात कुणाच्या तरी लग्नात ती मैत्रीण भेटली आणि मांडवातच तुझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "आगं ए बया, पोस्टमन आळीभर माझं नाव इचारत हिंडतोय, आन सासू म्हनतीया, ही कोन भवानी? मी कालवन चुलीवर टाकून पळत भायेर. करपलं की गं समदं!" तू म्हणालीस, "करपंना का. तू भायेर आलीस न्हवं?" दोघी पदरात तोंड घालून इतक्या हसलात की वरमाईनं वळून पाहिलं. त्या घरात तिला सगळे 'मधली' म्हणत, नाहीतर 'आगं ए'. हे मला तिथं कळलं. आधी नुसताच तुझा हट्ट वाटला होता.

यंदा माझी एक मैत्रीण गुडघ्यांपायी मुलाकडे पुण्याला राहायला गेली. माधवनगरच्या शाळेत आम्ही सगळी नोकरी एकत्र केली. जाताना खुशीत होती. मग हळूहळू फोन उचलेनाशी झाली. उचललाच तर, "बरंय, सगळं बरंय." मुलगा-सून चांगली आहेत, तक्रार कशाचीच नव्हती. पण शाळेत जिच्या एका हाकेनं पटांगण गप्प व्हायचं, तिचा तो बारीक आवाज ऐकून मला भीती वाटायला लागली. ती आमच्यातून निघून चालली होती आणि मला तिला धरून ठेवता येत नव्हतं.

मग एका दुपारी मी लिहिलं. माझे यजमान मिरजेच्या दवाखान्यात होते तेव्हा डबे बऱ्याच जणींनी आणले. तिनं डबा आणलाच, शिवाय मला न विचारता माझे सहामाहीचे गठ्ठे घरी नेऊन तपासले. लिहिलं, की मार्क जरा सढळ दिलेस, पण त्या वर्षी माझा वर्ग पहिल्यांदाच माझ्यावर खूश होता. तेव्हा तुला नीट काही म्हणाले नव्हते, आता म्हणते. पाकीट बंद केलं, पत्ता लिहायला घेतला, आणि तू आठवलीस. तिचं माहेरचं नाव घातलं, आडनावासकट. खाली नुसतं सोसायटीचं नाव, घराचा नंबर माझ्याकडे नव्हताच.

बरेच दिवस काहीच नाही. एवढ्या मोठ्या सोसायटीत पत्र कुठं गेलं असेल, की वाचून ती अवघडली, की रागावली, काही कळेना. माझा पोरखेळ मलाच नडला असं वाटायला लागलं.

परवा फोन वाजला. "माहेरचं नाव घालायला कुणी सांगितलं होतं गं तुला? वॉचमन मजल्यामजल्यावर विचारत फिरला म्हणे! शेवटी खाली बोर्डाला टाचून ठेवलं. सून येऊन मला सांगतेय, आई, तुमच्या सांगलीहून बिल्डिंगमध्ये कुणाला तरी पत्र आलंय." मी म्हटलं, "मग?" "मग काय, गुडघे गेले खड्ड्यात, गाऊनवरच खाली गेले. बोर्डापाशी दोघी उभ्या होत्या, वाचत होत्या, ही कोण म्हणून. त्यांच्यातली एक निघाली आपल्याकडची, सांगलीजवळच्या आष्ट्याची. आता रोज संध्याकाळी आमची बाकावर बैठक असते." आणि लगेच पुढे, "आणि एक ऐक. मार्क मी सढळ दिले नव्हते. चिकट तूच होतीस!" तो आवाज, आई. मी फोन कानापासून लांब धरला, इतका मोठा.

हे सगळं मी भिशीत सांगितलं. बायकांना फार आवडलं. एकजण म्हणाली, "कॉन्व्हेंटची ना ही! सिस्टरांनी लावलेलं वळण." मी मान डोलावली. दर वेळी डोलावते. अक्षर सिस्टरांनीच घोटवून घेतलं, तेवढं खरं आहे. हे पत्र पाकिटात जाणार नाही, म्हणून इथं सांगून टाकते: तू गेल्यापासून तुझं नाव काढलं की चारचौघींत माझा आवाज धड राहत नाही, म्हणून मी सिस्टरांचंच नाव पुढं करते.