भोंगा गप असताना

चाचा,

तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आन् आज सकाळपास्नं माझं डोस्कं तुमच्यापाशीच हाय. दुकानात भोंग्याचा आवाज वाढवायचं एक जुनं मशीन आलंय, आपण बनवलेल्यागत, शेवटाला एकच ट्रांझिस्टर. गाणं मोठ्यानं लावून बोट टेकवलं. गरम, पण सोसंल असं. मग आवाज पार बंद केला, म्हटलं निवू दे, आन् चहा पिऊन आलो. परत बोट टेकवलं तर चर्रकन् चटका! गप बसलेलं मशीन जास्त तापलेलं. मी स्टुलावर बसलो ते बसलोच. कुरुंदवाडच्या कुस्तीच्या मैदानात तुम्ही हेच सांगितलेलं की.

त्या दिवशी सकाळी तालमीचा कारभारी येऊन म्हणाला, "चाचा, हे पिपाणीगत वाजतंय. आज दणका दिला तर हितनं फुडं सगळी मैदानं तुमची. न्हायतर जुन्या काचेच्या वॉल्वच्या मशीनचा आमचा वॉल्ववाला हायच." तुम्हाला तर कोल्हापुरात ट्रांझिस्टरचं नाव करायचं होतं. म्हणून तुम्ही बायस वाढवला, म्हंजे आवाज असो नसो, ट्रांझिस्टरातनं वाहता ठेवायचा तो करंट; तो वाढला की दणका वाढतो. दुपारभर हलगी आन् पुकारा, भोंगा नुसता दणाणत होता. मग त्या तालमीच्या गेलेल्या वस्तादांना श्रद्धांजली म्हणून समदं मैदान गप उभं राहिलं. फोटो आणून ठेवण्यातच वेळ गेला. माइकवर कुणी चकार शब्द काढंना.

मी, तुमच्या हाताखालचा पोरगा, कुजबुजतो, "बरं झालं, मशीन जरा निवंल."

तुम्ही बोट टेकवता आन् झटकन् मागं घेता. "निवत न्हाय बाबा. गप हाय म्हणूनच तापतंय."

"आवाज न्हाय तर तापंल कशानं? उगं काय बी!"

"करंट तेवढाच जातोय. हलगी वाजताना त्यातलं थोडं भोंग्यातनं भाईर पडत होतं. आता समदं आतच."

"मग बॅटरीची तार वढा की!"

"वढली की भोंगा ठो करंल."

भोंग्याच्या बरोबर खाली वस्तादांची म्हातारी आई उभी, डोक्यावर पदर, डोळं मिटलेलं. तुम्ही तिच्याकडं बघितलं, आन् तारंवर ठेवलेला हात काढून घेतला. मी बघत राहिलो. धुराची रेघ निघाली, करपल्याचा वास आला. मशीन आवाज न करता मेलं.

कारभाऱ्यानं माइक उचलला, हॅलो हॅलो केलं. काय न्हाय. मागनं कोण तरी वरडलं, "चाचा, तुमचं मशीन बी गेलं की वस्तादांच्या मागनं!" मैदान खो खो हसलं. तुम्ही एवढंच बोलला, "बायस जास्त झाला." म्हातारीचं नाव बी काढलं न्हाई. फुडच्या मैदानाला वॉल्ववाल्याचा भोंगा चढला आन् आपण दुरुस्तीला आलेल्या रेडिओच्या काट्याच्या दोऱ्या बदलत बसलो. तुम्ही परत भोंग्याचं मशीन बांधलंच न्हाई.

इतकी वर्षं मला वाटायचं, तापायचं ते कारण चाचांनी घाबरून कायतरी ठोकून दिलं. आज बोट भाजलं तवा कळलं. समदं समजत होतं तुम्हाला, आन् तुम्ही जळू दिलं.

हे कुठं पाठवायचं न्हाय, म्हणून खरं ते लिहितो. तुमच्या जागी मी असतो तर तार वढली असती. आज समदं कळल्यावर बी वढीन. म्हातारी दचकली तर दचकू दे.